धर्मावर टीका केली तर मी रेसिस्ट ठरतो का?

ताई, नमस्कार. मी सांगलीचा, वय 29, कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे. आमचा शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात परवा धर्मावरून वाद पेटला आणि मी तीन मेसेज टाकले. पहिला, झटपट तलाक बंद झाला ते बरंच झालं, आणि वाटणीत मुलीला मुलाच्या निम्मं हे कुठल्याही धर्मात असलं तरी चूकच. दुसरा, पुस्तकात लिहिलंय म्हणून ते देवाचं आहे असं मी मानत नाही. तिसरा रागात गेला, "ह्यांच्या रक्तातच आहे ते, कितीही शिकवा सुधारणार नाहीत, बाहेरून आलेले बाहेरचेच राहणार." आमचा मिरजेचा एक मित्र आहे, शाळेत एका बाकावर बसायचो, घरी तंतुवाद्यं बनवायचं काम, तो काही न बोलता ग्रुप सोडून गेला. माझी आतेबहीण लेस्टरला असते, तिला स्क्रीनशॉट पाठवले तर म्हणाली हे सगळंच रेसिझम आहे, इथं असतास तर नोकरी गेली असती. ग्रुपमधला दुसरा एक म्हणतो, धर्म म्हणजे वंश नाही त्यामुळं रेसिझमचा प्रश्नच येत नाही, माफी मागितलीस की झुकलास. मग धर्मावर बोलायचंच नाही का? आणि माफी मागायची तर नक्की कशाची?

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर आधीच देऊन टाकते, मग बाकीचं बोलू. धर्मावर टीका म्हणजे रेसिझम नाही. तुझा पहिला मेसेज रेसिझम नाही, दुसराही नाही, आणि त्या दोन्हींसाठी तू कुणाची माफी मागायची गरज नाही. पण तिसरा मेसेज धर्मावरची टीका नाहीच मुळी. त्यात धर्म कुठाय? कुठला नियम, कुठली रूढी, कुठला ग्रंथ, कुठला मौलवी, काहीच नाही त्यात, आहे ते फक्त रक्त आणि बाहेरून आलेले. म्हणजे तुझी आतेबहीण तिन्ही मेसेज एका पोत्यात भरतीये आणि तुझा तो मित्र तिन्ही सोडून देतोय, आणि मला वाटतं दोघांचंही चुकतंय.

पहिल्या मेसेजचं बघ. झटपट तलाक अन्यायाचा आहे हे सांगणारा तू पहिला नाहीस आणि ते सांगायला कुणी बाहेरचा लागलाही नाही. 22 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टानं तो रद्द ठरवला, ती केस लढणाऱ्या मुस्लिम बायकाच होत्या, शायरा बानो आणि तिच्यासोबतच्या. त्याच्याही कितीतरी आधी, 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम बायकांचा मोर्चा नेला होता, मागणी हीच, तोंडी तलाक आणि एकापेक्षा जास्त बायका हे बंद करा. सात बायका फक्त. किती धाडस लागलं असेल त्यांना त्या काळात, विचार कर. मग 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. आता धर्मावरची प्रत्येक टीका रेसिझम असं म्हटलं तर दलवाई कोण ठरतात, स्वतःच्या आईबापाविरुद्ध रेसिस्ट? त्या सात जणी कोण ठरतात? म्हणून तुझ्या आतेबहिणीचं ते 'सगळंच रेसिझम' मला पटत नाही, त्यानं सगळ्यात आधी तोंड बंद होतं ते त्या त्या धर्माच्या आत राहून बोलणाऱ्यांचं, आणि त्यांना आधीच घरचे आणि गावचे दोन्हीकडून बोल लावत असतात.

आणि आपल्याकडचं तर विचारूच नको. आपला हा सातारा-सांगलीचा पट्टा म्हणजे धर्माला प्रश्न विचारणाऱ्यांचंच गाव. आगरकर कराड तालुक्यातल्या टेंभूचे, त्यांनी हिंदू रूढींवर इतकं लिहिलं की पुण्यात लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. बाबासाहेबांची शाळा साताऱ्यात सुरू झाली. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, पाठशाळेत शास्त्रं शिकलेला माणूस, त्यांनी त्याच शास्त्रांची चिकित्सा केली. दाभोलकर साताऱ्याचे, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. ह्यातल्या प्रत्येकाला धर्मबुडवा म्हटलं गेलं, पण त्यांचं बोलणं माणसाच्या जन्मावर नव्हतं, माणूस जे मानतो आणि जे करतो त्याच्यावर होतं. मांढरदेवचं तुला आठवत असेल, लहान असशील तू, जानेवारी 2005 च्या काळूबाईच्या यात्रेत अडीचशेहून जास्त माणसं चेंगरून, भाजून गेली, पायऱ्यांवर नारळाच्या पाण्यानं चिखल झालेला, वाट अरुंद, दुकानांना आग लागली. त्यानंतर तिथल्या पशुबळीवर, नारळ फोडण्यावर, व्यवस्थेवर किती बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. पण त्यावेळी कुणी जर म्हणालं असतं की यात्रेला जाणारा अमका समाज जन्मजातच अडाणी, त्यांच्या रक्तातच अंधश्रद्धा, तर ती अंधश्रद्धेवरची टीका झाली असती का? ती जातीवरून दिलेली शिवी झाली असती. हे तुला लगेच कळतं ना, कारण जात आपल्या अंगावरची आहे. तुझा तिसरा मेसेज त्याच घरातला आहे.

आता तुझ्या त्या मित्राचं, धर्म म्हणजे वंश नाही त्यामुळं रेसिझम होऊच शकत नाही. ऐकायला एकदम बिनतोड वाटतं आणि अर्धं खरंही आहे, मुसलमान म्हणजे काही एक वंश नाही, इंडोनेशियाचा, केरळचा, बोस्नियाचा, सेनेगलचा, मिरजेचा, सगळे वेगवेगळे दिसतात. पण रेसिझम करणारा माणूस आधी मानववंशशास्त्राचं पुस्तक उघडून मग द्वेष करायला बसत नाही रे. तो एका गटाला धरतो आणि म्हणतो ह्यांचा स्वभाव जन्मानंच ठरलाय, तो बदलणार नाही. ह्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण जर्मनीतलं आहे. 1935 ला नाझींनी न्यूरेंबर्गचे कायदे केले, त्यात ज्यू कोण हे ठरवताना तू काय मानतोस, कुठं प्रार्थना करतोस हे विचारलंच नाही, आजी-आजोबा मोजले, चारातले तीन किंवा चारही ज्यू असले की तू ज्यू. मग तू ख्रिश्चन झालेला असलास तरी. एडिथ स्टाइन म्हणून एक बाई होत्या, ज्यू घरात जन्मलेल्या, तत्त्वज्ञानाच्या मोठ्या अभ्यासक, कॅथलिक झाल्या, नन झाल्या, मठात राहत होत्या, आणि 1942 ला त्यांना ऑशविट्झला नेऊन मारलं. त्यांनी धर्म बदलला होता, पण मारणाऱ्यांना धर्माशी देणंघेणंच नव्हतं.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धम्म घेतला, धर्म बदलला, देव बदलले, लग्नाच्या पद्धती बदलल्या, तरी गावात त्यांना हिणवायचं ते जुन्याच जातीवरून, अजूनही. (बाबासाहेबांनी स्वतः 1936 लाच स्पष्ट लिहून ठेवलंय की जातीची विभागणी म्हणजे वंशाची विभागणी नाही, एकाच वंशाच्या लोकांची पाडलेली वाटणी आहे ती. तरी तिचं चटका देणं काही कमी झालं का?) म्हणून मी वंश आहे का नाही ह्या वादात फार शिरत नाही. मी एवढंच बघते, ज्याच्याबद्दल बोलतोयस त्या माणसानं उद्या स्वतःचं मत बदललं, रूढी सोडली, धर्मसुद्धा सोडला, तर तुझं बोलणं त्याला लागू राहतं का? पहिल्या मेसेजमधून तुझा मित्र सहज बाहेर पडतो, कदाचित तो म्हणेल अरे मलाही तलाकचं पटत नव्हतं, माझ्या बहिणीला मी बरोबरीचं देणारे. तिसऱ्यातून त्यानं बाहेर कसं पडायचं? रक्त कुठं बदलून मिळतं?

बाहेरचं एक उदाहरण सांगते, तुमच्या पिढीला जवळचं वाटेल. श्रीनिवास कुचीभोतला, आपल्या हैदराबादकडचा तेलुगू हिंदू इंजिनिअर, अमेरिकेत कॅन्ससला ओलेथ गावात नोकरीला होता. 22 फेब्रुवारी 2017 ला संध्याकाळी मित्राबरोबर बारमध्ये बसला होता, एक गोरा माणूस येऊन वाद घालायला लागला, माझ्या देशातून चालते व्हा म्हणाला, आणि गोळ्या झाडल्या. श्रीनिवास गेला, मित्र जखमी, मधे पडलेला एक अमेरिकन माणूस पण जखमी. मारणाऱ्याला वाटलं होतं हे दोघं इराणी आहेत. आणि 2001 ला, 11 सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी, ॲरिझोनात मेसा गावात बलबीरसिंग सोधी स्वतःच्या पेट्रोलपंपापुढं फुलझाडं लावत असताना त्यांना गोळी घातली, पगडी आणि दाढी बघून. कुणीही त्यांना विचारलं नाही तुम्ही कुठला ग्रंथ वाचता. अशा माणसाला कुणी विचारलं असतं तर त्यानंही सांगितलं असतं की माझा राग त्या धर्मावर आहे. पण राग एकदा चेहऱ्यावर, नावावर, दाढीवर उतरला की गव्हाबरोबर किडे नाही, किड्यांचं नाव घेऊन गहूच रगडला जातो.

लेस्टरच्या कायद्याचं तिला सांग, कारण नोकरी जाईल हा मुद्दा तिनं काढलाय. इंग्लंड-वेल्समध्ये 2006 ला धार्मिक द्वेष भडकवण्याविरुद्ध कायदा झाला, त्यात धमकीची भाषा आणि द्वेष भडकवायचा हेतू दोन्ही लागतात, आणि एक कलम मुद्दाम घातलंय की धर्मावर टीका, नावड, थट्टा, अगदी अपमान केला तरी त्याला ह्या कायद्यानं आडकाठी नाही. देवनिंदेचा जुना गुन्हा त्यांनी 2008 ला काढूनच टाकला. म्हणजे तुझे पहिले दोन मेसेज तिथं चालले असते. पण तिचंही सगळं चूक नाही, वंशावरून द्वेष भडकवण्याचा कायदा तिथं ह्यापेक्षा कडक आहे, आणि 1983 ला तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं, बर्मिंगहॅमच्या एका शाळेनं शीख मुलाला पगडीवरून प्रवेश नाकारला त्या केसमध्ये, शीख हा वांशिक समूह धरला जाईल असं सांगितलं, ज्यूंचंही तसंच. म्हणजे धर्म कुठं संपतो आणि जन्म कुठं सुरू होतो ही रेघ तिथल्या कोर्टालासुद्धा प्रत्येक वेळी नव्यानं बघावी लागते. आणि ऑफिसमधल्या सहकाऱ्याला तुझा तिसरा मेसेज कुणी पाठवला तर तिथं नोकरी जाऊ शकते, हे खरंय, आणि मला ते योग्य वाटतं.

आपल्याकडं राज्यघटनेच्या 15 व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे वेगवेगळे लिहिलेत, एकाच गोष्टीची पाच नावं म्हणून नाही. पण आपला फौजदारी कायदा इंग्लंडपेक्षा रुंद आहे, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं धर्मभावना दुखावल्या तर न्यायसंहितेचं 299, म्हणजे 1927 ला आलेलं जुनं 295अ, आणि दोन समाजांत तेढ लावली तर 196. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे दोन्हीत. 295अ मला व्यक्तिशः आवडत नाही, भावना दुखावल्या हे कुणीही कधीही म्हणू शकतं आणि खऱ्या चिकित्सेवरही ते उगारता येतं. तेढ लावण्याचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. सप्टेंबर 2023 ला सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत काय झालं ते तुझ्यापासून काही फार लांब नाही, सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव जमला, जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला, अख्ख्या जिल्ह्याचं नेट बंद करावं लागलं. त्या जमावात कुणी धर्मग्रंथातल्या वाटणीच्या नियमावर चिडून आला नव्हता. 'हे लोक' आणि 'ह्यांचं रक्त' वाचत वाचत माणसं तिथवर येतात.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीस पण मी बोलणारच. वाटणीत मुलीला निम्मं हे चूक, असं तू लिहिलंस, एकदम मान्य. पण तुझ्या घरी काय आहे? 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मानं हक्क दिला, 2020 ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सांगितलं की 2005 ला वडील हयात होते का नव्हते ह्याचाही प्रश्न नाही. आणि आपल्याकडं होतं काय, द्राक्षबाग असो नाहीतर दोन एकर ऊस, बहिणीला तलाठी ऑफिसला, नाहीतर रजिस्ट्रारकडं बोलवायचं, हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, एक साडी आणि जेवण, आणि तिनं नाही म्हटलं की माहेर तुटलं. तिथं निम्मं तरी मिळतं कागदावर, इथं पूर्ण लिहिलेलं असून हातात काही येत नाही. तुझ्या आत्यानं, लेस्टरवालीच्या आईनं, सही केली का रे? विचार वडिलांना. ह्याचा अर्थ तू मुस्लिम कायद्यावर बोलू नकोस असा मी अजिबात काढत नाही, खरं ते कुणी सांगितलं त्यावर ठरत नाही. पण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून असं चाललं की ऐकणाऱ्याला पहिला मेसेज वाचतानाच तिसऱ्याचा वास येतो, आणि मग चांगली टीकासुद्धा वाया जाते. त्या ग्रुपमध्ये हक्कसोडपत्रावर एक मेसेज टाकून बघ, मला वाटतं तलाकपेक्षा जास्त आवाज होईल.

आणि ते 'बाहेरून आलेले'. अरे तुझा मित्र तंतुवाद्याच्या घरातला, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली ती माणसं शिकलगार, तलवारी घासणारी, हत्यारं करणारी, त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडं वळले. भोपळा वाळवायचा, कापायचा, लाकडाचा दांडा जोडायचा, मग नक्षी, मग तारा, मग जव्हारी काढायची, जव्हारी म्हणजे घोडीवरचा तो पृष्ठभाग कानानं घासत घासत बसवायचा, जरा जास्त घासला गेला की आवाज मेला. देशातले मोठमोठे गायक ज्या तंबोऱ्यावर सूर लावतात तो ह्या गल्लीतनं गेलेला असतो, 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, म्हणजे सरकारनंच लिहून दिलं की ही वस्तू ह्या मातीची. त्या घरातल्या पोराला तू बाहेरचा म्हणालास. तो काही बोलला नाही ह्याचं मला नवल वाटत नाही, ह्यावर काय बोलायचं असतं.

माफीचं आता. तिसऱ्या मेसेजची माग, फक्त तिसऱ्याची, आणि स्पष्ट माग. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" असलं काही लिहू नकोस, ती माफी नसते, त्यात समोरच्याच्या हळवेपणालाच दोष असतो. त्याला फोन कर, येऊ का विचार, ये म्हणाला तर मिरजेला जा, आणि सांग की रक्ताचं आणि बाहेरचं जे लिहिलं ते खोटं होतं आणि वाईट होतं. मग गप्प बस आणि त्याला बोलू दे, त्याच्याकडं कदाचित शाळेपासूनचं साठलेलं असेल. त्यानं विचारलं की तलाकचं पण मागे घेतोस का, तर नाही म्हण. ते तुझं मत आहे, त्याला ते टोचेल, वाद घालेल, घालू दे, टोचणं वेगळं आणि हाकलून देणं वेगळं, मित्र म्हणून इतकं त्याला झेपेल. त्याचं मत तुझ्यापेक्षा कडक निघालं तरी आश्चर्य मानू नकोस, आणि ह्या धर्माचा सगळा जाब त्याच्याकडं मागत बसू नकोस, तो तंबोरे बनवतो, फतवे काढत नाही.

ग्रुपमध्ये लिहिलं होतंस तर ग्रुपमध्येही लिही, दोन ओळी बास. पहिले दोन मेसेज राहू देत, तिसरा मी मागे घेतो, तो द्वेष होता. 'झुकलास' म्हणणाऱ्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस, आणि ज्यांनी त्या तिसऱ्या मेसेजखाली हसण्याचे इमोजी टाकले होते, टाकले असणारच, त्यांचंही नाव काढू नकोस, तुझं तू बघ.

मित्राला ग्रुपमध्ये परत ॲड करायची घाई मात्र नको. आधी त्याला विचार यायचंय का, नाही म्हणाला तर दोघांचं बोलणं फोनवर चालू ठेव.